पाण्याला बीटाचा वास

पिपरी मेघे, वर्धा
९ मे

प्रिय रजत,

अहवाल परवाच तुला फोनवर पाठवला. तू तो उघडलास, त्यातला सात हा आकडा पाहिलास आणि 'ओके ताई, बोलू' असं लिहिलंस. त्यानंतर बोलणं काही झालं नाही. तुझं ऑफिस, वर्षालीची धावपळ, तुमच्या रोशनीचं शाळेचं प्रकरण, मला सगळं कळतं. पण खरं सांगू का, फोनवर मला तुझ्याशी नीट बोलताच येत नाही. तू 'हं, हं' म्हणत राहतोस आणि मी उगीच घाईघाईनं आवरतं घेते. म्हणून आज दुपारी कूलरसमोर कागद घेऊन बसले आहे. कागद फडफडतो, त्याच्यावर लाटणं ठेवलं आहे. पत्र वाचताना तू 'हं' म्हणालास तरी मला ऐकू येणार नाही.

सोळा तारखेला तू गाडी घेऊन येणार आहेस. आईला पुण्याला न्यायचं, एकोणीसला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं, मग तिला तिकडेच ठेवायचं, गावचं घर बंद करायचं आणि मळा बटईनं कसायला द्यायचा, असं आपलं ठरलं आहे. आपलं म्हणजे तुझं आणि माझं. आईला आपण फक्त कळवलं. ती तेव्हा मेथी निवडत होती. 'बरं,' म्हणाली आणि निवडतच राहिली. त्या 'बरं'नंतर तिनं मळ्यात नवं काहीही पेरलं नाही, हे मला नंतर शेजारच्या शालूबाईकडून कळलं.

आणि या सगळ्याची सुरुवात माझ्या फोननं झाली. तू विसरला असशील, मी विसरलेले नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मीच तुला म्हटलं होतं की आईचं काहीतरी बिघडतंय, तिला नळाच्या पाण्याला बीटाचा वास येतो. तू हसला होतास. ती गटाराचा म्हणाली असती, औषधाचा म्हणाली असती, तर आपण टाकी धुवायला सांगितलं असतं. पण बीट! हिंगणीच्या पलीकडे आपल्या त्या एवढ्याशा गावात बीट शेवटचं कुणी लावलं असेल तर ते आपल्या अण्णाजींनी, तू नववीत असताना. वर्ध्याच्या बाजारात त्या वर्षी ते कुणी घेईना आणि महिनाभर आपल्याच पानात सगळं लाल दिसत होतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या बीटाचा वास एकाहत्तर वर्षांच्या बाईला नळातून येतो म्हटल्यावर कुणीही तेच समजलं असतं, जे आपण समजलो. मी तिच्या हातचं पाणी दोन वेळा प्याले. मला काही आलं नाही. शालूबाईला आलं नाही. टाकीवरून गावाला पाणी सोडणाऱ्या सदाशिवरावांना आईनं विचारलं तर ते आईवरच रुसले. 'पंधरा वर्सं झाले पानी सोडून राह्यलो, वयनी, आजपावेतो कोनी नाव नाई ठेवलं,' असं म्हणाले आणि दोन दिवस आपल्या घरासमोरून जाताना मान दुसरीकडे करून गेले.

आई कुणाशी वाद घालत बसली नाही. तिनं घागर उचलली आणि मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणायला लागली. अर्धा किलोमीटर जायचं, अर्धा यायचं. एकदा बांधावरून घसरली, कोपर सोलवटलं. ते मी तुला सांगितलं, आणि तू म्हणालास, ताई, आता हे थांबवायला हवं. बरोबरच होतं तुझं.

मग शालूबाईच्या नातीला पाहायला आर्वीचे पाहुणे आले तो दिवस. तो तुला मी अर्धाच सांगितला होता, कारण सांगताना मलाच लाज वाटत होती. आठ जण बैठकीत बसलेले, नात आत साडीच्या निऱ्या सावरतेय, शालूबाईची सून पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली आणि आपली आई उठली. तिनं सुनेच्या हातातला ट्रे घेतला. 'हे पानी पाव्हण्याईले नका देऊ, याले बीटाचा वास हाय,' म्हणाली आणि आठही पेले एकेक करून कढीपत्त्याच्या बुडाशी ओतून आली. मग घरी गेली, विहिरीच्या पाण्याची कळशी घेऊन आली आणि स्वतःच्या हातानं सगळ्यांना पाणी दिलं. पाहुणे प्याले. न पिऊन सांगतात कुणाला. मुलाच्या मामानं हळूच विचारलं, 'ह्या बाई कोन?' शालूबाई म्हणाली, 'शेजारीन हाय. वय झालं तिचं.'

चाळीसेक वर्षांपासूनची शेजारीण आहे शालूबाई. तुझं बारसं तिच्या अंगणात झालं होतं, कारण आपल्या अंगणात तेव्हा कांदे वाळत घातले होते. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. मला वाटलं, आई रडेल, रागावेल. तिला मात्र एकाच गोष्टीचा राग होता. मला म्हणाली, 'मले मनते वय झालं. माह्याहून दोन वर्सानं मोठी हाय थे.'

मी मग तिच्या समाधानासाठी, खरं म्हणजे माझ्याच समाधानासाठी, म्हटलं की पाणी तपासू. तुला माझं काम ढोबळ माहीत आहे. भाजीपाल्यावर फवारलेल्या औषधाचे अंश शोधायचे. त्यासाठी आमच्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ आहे, दिसायला मोठ्या फ्रीजएवढा. त्याच्या आत चुलीसारखं एक तापणारं कपाट असतं आणि त्यात केसासारखी बारीक, तीस मीटर लांब नळी गुंडाळून ठेवलेली असते. नमुन्यातली वाफ त्या नळीत सोडायची आणि मागून गॅसनं पुढे ढकलायची. आठवडी बाजारातून माणसं बाहेर पडतात ना, तसंच पुढे होतं. कुणी सरळ चालत जातं, कुणी प्रत्येक दुकानाशी घुटमळतं. प्रत्येक पदार्थ आपल्या आपल्या वेळेला टोकाशी पोहोचतो आणि पडद्यावर एक टोकदार शिखर उमटतं. कोण किती वाजता बाहेर पडलं आणि त्याचं वजन किती, यावरून त्याची ओळख पटते. आईला मी फोनवर सांगितलं की एका स्वच्छ बाटलीत नळाचं पाणी भर आणि भाजीच्या टेम्पोबरोबर वर्ध्याला पाठव. दुसऱ्या दिवशी बाटली आली. वांग्यांच्या पोत्यावर बसून, फडक्यात बांधून, वर दोरीची गाठ.

आमच्या विभागात यंत्र चालवतो तो धम्मदीप. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, आणि बोलायला अत्यंत काटकसरी माणूस. त्यानं ते पाणी लावलं आणि पाऊण तासानं मला हाक मारली. पडद्यावर शिखरांचं जंगल उभं होतं. तो म्हणाला, 'ताई, हे पानी हाय का अत्तर?' आम्ही ओळख पटवली. वाळा. पाण्यात वाळ्याचा अर्क उतरला होता, इतका की बाकी काही असलंच तर ते त्याच्याखाली गाडलं गेलं होतं. मी तेव्हाच निष्कर्ष काढला. आई उन्हाळ्याची माठात वाळा टाकते, बाटलीतही माठातलंच पाणी भरलं असणार, वाळ्याला मातकट वास असतो, आणि तिच्या मनाला तोच बीटाचा वाटतो. तुला तसंच फोन करून सांगितलंही. यंत्रानंही आईच्या विरुद्ध साक्ष दिली, असं मी म्हणाले होते. त्याच संध्याकाळी तू डॉक्टरांची वेळ घेतलीस.

आता ऐक. वीस एप्रिलला, रविवारी, मी तिचं सामान बांधायला गावी गेले. साड्या घडी घालता घालता बाहेर पाहिलं तर दोरीवर वाळ्याची जुडी वाळत घातलेली. मी सहज विचारलं की ही माठातून काढून वाळवतेस का. आई म्हणाली, 'माठात? मी कवा टाकला वाळा माठात? पान्याले पान्याचा वास पाह्यजे.' आणि खरंच, रजत, आठवून बघ. लहानपणी शालूबाईच्या माठात वाळा असायचा, आपल्या माठात कधीच नसायचा, आणि आपण दोघं त्यासाठी हट्ट करायचो. मग ही जुडी कशाला? ती साडीचा पदर उगीच नीट करायला लागली. शेवटी म्हणाली, 'तुह्या हापिसात मोठे मोठे लोक त्या बाटलीत नाक खुपसतीन. आपल्या गावचं वासाचं पानी मी तसंच धाडू का? एक रात ठेवली जुडी, मग काढून घेतली.'

मी खाटेवर बसले आणि हसत सुटले. इतकी, की डोळ्यांतून पाणी आलं आणि आई घाबरून मला ग्लास द्यायला धावली, विहिरीच्या पाण्याचा. तपासणीला पाठवायचं पाणी तिनं नटवून पाठवलं होतं, जशी मुलगी दाखवायला नेताना पावडर लावतात तशी. जो वास आहे म्हणून ती गावाशी भांडली, तोच वास परक्या माणसांपुढे जाऊ नये म्हणून तिनं झाकला. आणि मी, वीस वर्षं नमुने तपासणारी मुलगी, तिला एवढंही विचारलं नाही की बाटलीत पाण्याशिवाय काही टाकलंस का. ओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही आम्ही हा प्रश्न छापील कागदावर विचारतो. आईला मी तो विचारला नाही, कारण तिच्या पाण्यात काही सापडेल असं मला वाटतच नव्हतं.

त्या दुपारी मी पहिल्यांदा तिला नीट विचारलं. कसं बीट? शिजवलेलं की कच्चं? ती लगेच म्हणाली, 'कच्चं. उपटल्या उपटल्या. धुतल्यावर सालीले येते थे. चिरलं की कमी होते.' इतकं नेमकं उत्तर मला आमच्या विद्यार्थ्यांकडून मिळत नाही. दुसऱ्या दिवशी मी ते धम्मदीपला जसंच्या तसं सांगितलं. तो उठला, कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि बोट ठेवलं. जिओस्मिन. पाण्यातल्या काही शेवाळांतून आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांतून तयार होणारा पदार्थ. अपाय करत नाही, नुसता मातकट वास देतो. आणि हाच पदार्थ बीटात असतो, सालीत जास्त. धम्मदीप म्हणाला, 'नाव सोडून सारं सांगतलं मावशीनं.'

पुढचे दहा दिवस आम्ही दोघं त्याच्याच मागे होतो. शुद्ध जिओस्मिनची एवढीशी कुपी नागपूरच्या एका मैत्रिणीनं दिली, तुलनेसाठी. या वेळी मी स्वतः गावी गेले. काचेच्या तपकिरी बाटल्या, काठोकाठ भरलेल्या, वर हवेचा बुडबुडाही नाही, कारण वास त्याच बुडबुड्यात जाऊन बसतो. एक बाटली आपल्या नळाची, एक शालूबाईच्या नळाची, एक मळ्यातल्या विहिरीची. बर्फात घालून वर्ध्याला आणल्या. एवढा अंधूक वास पकडायचा तर थोडं पाणी छोट्या बाटलीत काढून, मीठ घालून ते गरम करायचं आणि त्या बाटलीच्या वरच्या मोकळ्या जागेत एक सुई सोडायची. सुईच्या आत केसाएवढा धागा असतो, तो वास शोषून घेतो, आणि मग तोच धागा यंत्रात घालायचा. आईला नंतर हे समजावलं तर ती म्हणाली, 'मीठ टाकून तापवलं की वास सुटते, हे रांधनाऱ्या कोन्त्याबी बाईले माहीत हाय. एवढं शिकाले तुले नागपूरले धाडलं होतं का?'

शिखर चौदाव्या मिनिटाच्या थोडं पुढे आलं. लहानसं, पण स्वच्छ, शेजारी दुसरं कुणी नाही. नागपूरच्या कुपीतलं जिओस्मिन जिथे आलं होतं, अगदी तिथेच. आपल्या नळाच्या पाण्यात सात, शालूबाईच्या पाण्यात सात, विहिरीच्या पाण्यात काही नाही. सात म्हणजे लिटरमागे सात नॅनोग्रॅम. तू हा आकडा पाहून पुढे गेलास म्हणून सांगते, शंभर कोटी लिटर पाण्यात सात ग्रॅम. आपल्या गावाच्या टाकीत पन्नास हजार लिटर मावतात. त्या अख्ख्या टाकीत जे होतं ते मिठाच्या पाच-सहा बारीक कणांएवढं. ज्याचं नाक खूप चांगलं आहे त्यालाच एवढं कळतं, बाकीच्यांना नाही. धम्मदीपनं दोनदा पुन्हा लावून पाहिलं. तिसऱ्यांदा तेच शिखर आलं तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. समोर कडुनिंबाखाली कुणीतरी स्कूटर पुसत होतं. मला त्या अनोळखी माणसाला जाऊन सांगावंसं वाटलं की माझी आई अगदी शहाणी आहे.

सदाशिवरावांना अहवाल दाखवला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाले, 'कागदाले वास येते का?' पण दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर चढले. मार्चमधल्या गारपिटीत टाकीवरचं झाकण उडून मागच्या शेतात पडलं होतं, ते तुरीच्या काड्यांखाली नंतर सापडलं. दोन महिने टाकीत थेट ऊन पडत होतं आणि आत भिंतीला हिरवी साय धरली होती. ते बराच वेळ वरच उभे राहिले, मग उतरले आणि सरळ आईच्या मळ्यातल्या विहिरीवर जाऊन पाणी प्याले. टाकी घासून धुतली, नवं झाकण बसलं. धुतल्यानंतरच्या नमुन्यात आम्हाला काही सापडलं नाही. आईनं नळाखाली ओंजळ धरली, एक घोट घेतला आणि म्हणाली, 'हां. आता पान्यासारखं लागते.' घागर पालथी घालून ठेवली.

गावात आता गंमत झाली आहे. ज्याला त्याला वास तेव्हाच येत होता. शालूबाई वाटीभर तिखट शेव घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, 'रुख्मे, मले तं पयल्या दिवसापासून येत होता. मी मनलं, काऊन बोला.' आई म्हणाली, 'वय झालं का तुह्यं, की तवा बोलली नाई?' मग दोघी हसल्या आणि शेव संपेपर्यंत बसल्या. आणि सगळ्यात चांगली बातमी अशी की आर्वीच्या लोकांनी होकार कळवला. मुलाच्या आईनं म्हणे विचारलं की ज्यांची शेजारीण परक्या माणसाच्या पाण्याची एवढी काळजी करते, त्या घरची मुलगी कशी असेल ते काय पाहायचं. अठ्ठावीस तारखेला लग्न आहे. स्वयंपाकाच्या पाण्याचे सगळे ड्रम आधी आईनं हुंगायचे, मग आचाऱ्यानं हात लावायचा, असं शालूबाईनं जाहीर केलं आहे. आईनं मळ्यात भेंडीचं बी टोबलं आहे. तेव्हा तिला सोळाला पुण्याला नेण्याचं तू तिलाच विचार. माझी हिंमत नाही.

मंगळवारी मी तिला प्रयोगशाळेत घेऊन गेले. ठेवणीतली जांभळी साडी नेसून आली होती. यंत्राभोवती एक फेरी मारली आणि धम्मदीपला विचारलं, 'याचं नाक कुठी हाय?' त्यानं कपाट उघडून ती गुंडाळलेली नळी दाखवली. ती म्हणाली, 'एवढं लांब नाक असून पाऊन घंटा लागते?' मग आम्ही तिची परीक्षा घेतली, अगदी रीतसर. तीन पेले ठेवायचे, दोन कोरे, एकात जिओस्मिनचा अंश, सातपेक्षाही कमी, चार. फक्त हुंगायचे आणि वेगळा कोणता ते सांगायचं. असं पाच वेळा. आमच्या विभागातले सहा जण आधी बसले. मला पाचांपैकी दोन बरोबर आले, तेही अंदाजानं. आई पहिले चार खडाखड बरोबर सांगून मोकळी झाली. पाचव्या वेळी तिनं तिन्ही पेले हुंगले, पुन्हा हुंगले, पेले खाली ठेवले आणि धम्मदीपकडे पाहिलं. 'पोरा, म्हातारीसंग मस्करी करतं का? तिन्ही कोरे हायेत.' तो काटकसरी माणूस पोट धरून हसला. त्यानं खरंच तिन्ही कोरे ठेवले होते.

रजत, तुला एक आठवण विचारायची आहे. तू सहा-सात वर्षांचा होतास, तळेगावला मावशीकडे गेलो होतो, श्यामजी पंतांच्या तळेगावला. तू दोन दिवस पाणी प्यायला नाहीस. मावशीनं साखर घातली, लिंबू पिळलं, अण्णाजींनी पाठीत धपाटा घातला. तू तोंड मिटून बसलास आणि शेवटी तापानं फणफणलास. संध्याकाळच्या बसनं आई तुला घेऊन परत निघाली. अण्णाजी म्हणाले, लाडावून ठेवला आहेस. आई बसच्या पायरीवरून म्हणाली, 'लाड नाई जी, त्याले वास येते.' आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं. मला वाटतं, तू त्या दिवसानंतर कशालाही वास येतो असं म्हणणं सोडून दिलंस. पुढे तुला खरंच येईनासा झाला की तू नुसता बोलेनासा झालास, हे मला माहीत नाही. तुला तरी माहीत आहे का?

डॉक्टरांकडे न्यायचं असेल तर आईला जरूर ने, तिच्या वयाला एकदा सगळं तपासून घेतलेलं चांगलंच. लग्न झाल्यावर ने, आठ दिवस ठेव, फिरव आणि परत आणून सोड. पण हे पत्र मी त्यासाठी लिहायला घेतलेलं नाही. त्या दिवशी प्रयोगशाळेतून परतताना, ऑटोत, आईनं डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, दमली. पिपरी मेघेच्या वळणावर तिनं अचानक विचारलं, 'जये, रोशनीच्या बाटलीत कोनी नाक घातलं का?' शाळेतून भरलेली परत येणारी बाटली, तिच्या बाईंची वहीतली चिठ्ठी, पोटात पाणी कमी जातं म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध, हट्टीपणासाठी तुम्ही घेतलेली समुपदेशकाची वेळ, हे सगळं तू मला सांगितलं होतंस आणि मी म्हटलं होतं, जरा कडक व्हा. दिवाळीत हीच मुलगी आपल्या गावी माठातलं पाणी गडव्यानं पीत होती आणि वर्षाली कौतुकानं बघत होती, ते आपल्या दोघांच्याही डोळ्यांसमोर होतं. कदाचित तुमच्या पाण्यात काहीच नसेल आणि रोशनी नुसतीच हट्टी असेल, आपल्या घरात त्याचीही कमी नाही. पण तिला कुणाकडे नेण्याआधी पाणी इकडे येऊ दे. सोळाला तू ये, वर्षालीला आण, रोशनीला आण. येताना एक काचेची बाटली आण, लोणच्याची नको. तिची बाटली ज्या नळावर भरता त्याच नळाचं पाणी, काठोकाठ, बर्फात ठेवून. तिची शाळेची स्टीलची बाटलीही आण, वास तिचाही असू शकतो. नळाखाली बाटली धरायला रोशनीलाच सांग, आणि तिला विचार की कसला वास येतो. ती जे म्हणेल ते, कितीही वेडगळ वाटलं तरी, कागदावर तसंच लिहून आण. हसू नकोस. आईनं वर्षालीला निरोप दिला आहे, बाटलीत वाळा टाकू नये.

वाट पाहत,
तुझीच,
ताई